सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याचं गणगोत

पावसाळ्यात मानोऱ्याकडच्या बरड वावरात, दिवस कलताना धुऱ्याने चाललं की चारेक सेंटीमीटर लांबीचा एक काळाकुट्ट किडा उंच पायांवर तरातरा पळताना दिसतो. अंगावर सहा पांढरे ठिपके: दोन छातीच्या ढालीवर, चार पाठीवरच्या टणक पंखांवर. वाकून पाहिलं तर कळतं, हे ठिपके दाट पांढऱ्या लवेचे आहेत. याचं शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुटाटा.

त्याला हे कुळ मिळायला वेळ लागला. लिनियसने 1758 मध्ये जमिनीवर धावणारे असे भुंगेरे ‘कॅराबस’ या एकाच प्रजातीत घातले होते. त्याचा शिष्य फाब्रिसियस याने 1775 मध्ये आपल्या या किड्याचं वर्णन केलं, तेही कॅराबस म्हणूनच. 1801 मध्ये वेबरने ‘अँथिया’ ही प्रजाती वेगळी काढली आणि 1813 मध्ये इटलीच्या बोनेल्लीने तिच्या भाऊबंदांचा स्वतंत्र गट मांडला. भारतातल्या भूभुंगेऱ्यांची विखुरलेली माहिती पुढे हर्बर्ट अँड्र्यूज यांनी एकत्र आणली. त्यांची सूची 1930 मध्ये निघाली. अशा किचकट कामाचं मोल मला फार वाटतं. त्याशिवाय कोण कुठे राहतो हा प्रश्नच नीट विचारता येत नाही.

उत्तर विलक्षण आहे. या गटाचा जवळजवळ सगळा गोतावळा आफ्रिकेत आहे. काही जाती अरबस्तान, इराण आणि मध्य आशियाच्या कोरड्या पट्ट्यात आहेत, आणि भारतात अगदी मोजक्या. त्यातही हा सहा ठिपक्यांचाच सर्वांत ओळखीचा. त्याला उडता येत नाही. त्यामुळे त्याच्या पूर्वजांनी जो पल्ला गाठला तो पायीच, पिढ्यान्‌पिढ्या. गटाचा नकाशा पाहिला की कोरड्या, उघड्या जमिनीची साखळी डोळ्यांसमोर येते.

उडता येत नाही, मग जीव कसा वाचवतो? पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारून. काही मुंग्या चावल्यावर आग होते ती याच आम्लाने. म्हणून या किड्यावर वाकताना डोळे जपायचे. काळ्यावरचे पांढरे ठिपके ही शत्रूला दिलेली उघड ताकीद असते, आणि ती किती चालते याचा दाखला कालाहारीत आहे. तिथल्या एका सरड्याची पिल्लं काळी-पांढरी असतात आणि पाठीची कमान करून, ताठरून चालतात, हुबेहूब तिथल्या अँथिया भुंगेऱ्यांसारखी. मोठी झाली की रंग वाळूचा होतो आणि चालही इतर सरड्यांसारखी. ह्यूई आणि पियांका या संशोधकांनी 1977 मध्ये हे मांडलं.

आपल्याकडे हा भुंगेरा इतर किडे मारून खातो, म्हणजे सोयाबीन-तुरीच्या वावरात तो शेतकऱ्याच्या बाजूचा. पण फवाऱ्याखाली एका वावरातले मेले, तर दुसरे उडत येऊन जागा भरत नाहीत. शेजारच्या माळावरून, न नांगरलेल्या धुऱ्यावरून चालतच यावं लागतं. धुरे कोरून वावर वाढवताना ही वाटही नांगराखाली जाते. ती कुठे शाबूत आहे हे कळावं, म्हणून हा भुंगेरा कुठे दिसला तर फोटोसोबत गाव, तारीख आणि जमीन बरड की काळी, एवढं टिपून ठेवावं.