उसना ठेका

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे एक विलासी शहर आहे. हिंदुस्थानी घुमटांची नक्कल करून बांधलेल्या तेथील राजवाड्याचे चित्र आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. या शहरात १९९५ साली डेमियन हॅरिस यांनी ध्वनिमुद्रिकांची एक पेढी काढली आणि तिला 'स्किंट', म्हणजे कफल्लक, असे नाव दिले. नृत्यसंगीताचा जो प्रकार पुढे 'बिग बीट' म्हणून गाजला, त्याचे हे एक माहेर. दुसरे माहेर लंडनचे. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरील 'ऑल्बनी' या मद्यगृहात १९९४ साली रविवारच्या संध्याकाळी टॉम रोलँड्स आणि एड सायमन्स हे दोन तरुण तबकड्या वाजवीत असत. दोघेही मँचेस्टर विद्यापीठात इतिहास शिकलेले. जुन्या साधनांचे तुकडे जमवून त्यांची नवी संगती लावणे हा इतिहासकाराचा उद्योग, आणि बिग बीटचा उद्योगही नेमका तोच. म्हणून हा तपशील आम्हांस केवळ गमतीचा वाटत नाही. या जोडीने आपले पहिले नावदेखील एका अमेरिकन जोडीकडून उसने घेतले होते. ते सोडून देणे भाग पडले, तेव्हा १९९५ साली ते 'केमिकल ब्रदर्स' झाले.

ही उसनवारी समजून घेतल्यावाचून या संगीताविषयी बरे-वाईट काहीच बोलता यावयाचे नाही. जुन्या अमेरिकन तबकड्यांवर एक जागा अशी येते की गायक थांबतो, इतर वाद्ये थांबतात आणि ढोलवादक एकटाच दोन-चार आवर्तने वाजवतो. तेवढा तुकडा सॅम्पलर यंत्रात पकडावयाचा, तो पुनःपुन्हा फिरवावयाचा, त्याचा आवाज जाड आणि भरड करावयाचा. मग त्यावर रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राचा पिळवटलेला खर्ज आणि कोणा अनोळखी माणसाचे ओरडून म्हटलेले एखादे वाक्य चढवावयाचे. गती साधारणपणे मिनिटास १०० ते १४० ठोके. हाऊस संगीतातला सरळ चालीचा ठोका येथे मोडून टाकलेला असतो, आणि त्यामुळे नाचणाऱ्याच्या पायांइतकेच खांद्यांनाही काम पडते.

१९९४ साली ब्रिटिश पार्लमेंटने फौजदारी न्यायाचा जो कायदा केला, त्यात रात्री उघड्या जागी भरणाऱ्या शंभर किंवा अधिक लोकांच्या नृत्यमेळ्यांवर निर्बंध घातले. त्यासाठी संगीताची व्याख्या करणे ओघानेच आले, आणि पुनरावृत्त ठोक्यांची मालिका हे ज्याचे मुख्य लक्षण ते संगीतही कायद्याच्या कलमात बसले. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आयुष्य मसुदे लिहिण्यात गेले, त्यांना लिहिणाऱ्याची दया येईल. कारण या व्याख्येतून आपला तीनताल सुटतो असे छातीठोकपणे सांगता येत नाही. 'ऑटेकर' या जोडीने तर त्याच वर्षीच्या एका मुद्रिकेवर, ती वाजविताना वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ असू द्यावेत, अशी सूचना छापली होती.

आता आमची आवडनिवड. केमिकल ब्रदर्सचा १९९७ सालचा 'डिग युअर ओन होल' हा संग्रह या पंथातील सर्वोत्तम होय, असे आमचे मत आहे. त्याच्या शेवटी येणारी नऊ मिनिटांहून लांब रचना सावकाश चढत जाते आणि श्रोत्याला उसंत देत नाही. 'प्रॉडिजी' या चमूचा त्याच वर्षीचा 'द फॅट ऑफ द लँड' इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे अग्रस्थानी पोहोचला. त्यात जोर पुष्कळ आहे. पण तो आरंभीच बराचसा संपतो. त्यातील पहिल्या गीताचे शीर्षक या पानावर छापावे असे आम्हांस वाटत नाही, मात्र त्यातला शाहीन बदर यांचा आलाप ऐकण्याजोगा आहे. त्याच संग्रहात 'नारायण' नावाची रचना आहे आणि तीत नारायणाचा मंत्र येतो. गिरणीत कोणी उदबत्ती लावावी, तसे ते वाटते.

परंतु या तबकड्यांचा मोठेपणा केवळ कानाने ठरवून चालणार नाही. १९९६ साली केमिकल ब्रदर्सची 'सेटिंग सन' ही मुद्रिका ब्रिटनमध्ये पहिली आली. तीत आपल्या १९६६ सालच्या गीताचा तुकडा घेतला आहे, असा आक्षेप बीटल्सच्या वकिलांनी घेतला, आणि तसा तो घेतलेला नाही हे दाखवून देण्यासाठी संगीततज्ज्ञ नेमावा लागला. ज्याच्यापाशी वकील आहे त्याचा ठेका असा सुरक्षित राहतो. उलट ग्रेगरी कोलमन यांची गोष्ट पाहा. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन चमूच्या एका तबकडीवर दुय्यम बाजूस त्यांनी चार मापांचा, सहा-सात सेकंदांचा ढोल वाजविला. त्या सेकंदांवर ब्रिटनमधील नृत्यसंगीताची एक अख्खी शाखा, बिग बीटची शेजारीण 'जंगल', उभी राहिली. कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारले. २०१५ साली रसिकांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड जमविले आणि ते चमूचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. ढोल वाजविणाऱ्याच्या हाती त्यांतले काही पडणे तेव्हा शक्यच नव्हते.

नॉर्मन कुक ऊर्फ 'फॅटबॉय स्लिम' हे या पंथाचे सर्वांत लोकप्रिय गृहस्थ, आणि 'स्किंट'चे आधारस्तंभ. त्यांचे १९९९ साली पहिले आलेले 'प्रेझ यू' हे गीत आम्हांस अजूनही गोड वाटते. त्यातील स्त्रीस्वर कमील यारब्रो या अमेरिकन कवयित्रीच्या १९७५ सालच्या गीतातला आहे, आणि पियानो चक्क ध्वनियंत्रांच्या चाचणीसाठी काढलेल्या तबकडीवरचा. यारब्रो यांचे नाव गीतकार म्हणून घातले गेले, हे बरे झाले. तरी नाचणाऱ्या हजारो लोकांपैकी कितीजणांनी ते वाचले असेल? मुखपृष्ठावर नाव कुक यांचे होते.

याच कुक यांच्या हातून आमच्याशी नाते सांगणारी एक गोष्ट घडली. 'कॉर्नरशॉप' या चमूचे तजिंदर सिंग हे ब्रिटनमध्ये वाढलेले पंजाबी. त्यांचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे १९९७ सालचे गीत आशा भोसले यांचा गौरव करते. त्यात लता मंगेशकर येतात, रफी येतात, आकाशवाणीदेखील येते, आणि मिनिटास ४५ फेरे घेणाऱ्या तबकडीचा घोष पुनःपुन्हा होतो. मूळ मुद्रिका ब्रिटनमध्ये साठाव्या क्रमांकापाशीच अडली. कुक यांनी तिची गती वाढविली, सूर चढविला, ढोल जाड केला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तीच पहिली आली. मंगेशीच्या दीनानाथांच्या कन्येचे नाव इंग्लंडच्या मद्यगृहांतून लोक नाचत नाचत गाऊ लागले.

गंमत अशी की त्या तबकडीवर आशाबाईंचा आवाज मुळीच नाही. यारब्रो यांचा आवाज सर्वत्र गेला, नाव मागे राहिले. आशाबाईंचे नाव सर्वत्र गेले, आवाज घरीच राहिला. पार्श्वगायनाच्या देशातील माणसांना या दोन्ही गोष्टी परक्या वाटू नयेत. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील ज्या गीताने लताबाई घरोघरी पोहोचल्या, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ते पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी' असे. हा आवाज कोणाचा, हे श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारले, तेव्हा ते जाहीर झाले.

पुढे जाहिरातवाल्यांनी बिग बीटला जवळ केले आणि त्याचा दरारा गेला. १३ जुलै २००२ रोजी ब्रायटनच्या पुळणीवर कुक यांचा कार्यक्रम झाला. साठ हजारांची अपेक्षा होती, आले अडीच लाख, आणि प्रश्न संगीताचा न राहता बंदोबस्ताचा झाला. आमच्या कपाटात 'ब्रिमफुल ऑफ आशा'ची दोन्ही रूपे शेजारी शेजारी आहेत. पाहुणे आले म्हणजे कुक यांचे लावतो. एरवी मूळचेच, संथ, साठाव्या क्रमांकाचे.