शब्दकोडं कुठं संपलं आणि जुगार कुठं सुरू झाला



वर्तमानपत्रातलं शब्दकोडं तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आडवे शब्द, उभे शब्द, काळी घरं, पांढरी घरं. गटाच्या बैठकीला सगळ्या जमेपर्यंत आम्ही पुष्कळदा तेच घेऊन बसतो. एकीला अडलं की दुसरी सांगते, आणि कधी लिहिता न येणारी एखादी आजी असा जुना शब्द काढून देते की शिकलेल्या बघतच राहतात. आता मोबाईलवरही कोडी या गटातून त्या गटात फिरतात. याच साध्या चौकोनांसाठी आपल्या देशात एकदा कायदा करावा लागला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते आज सांगायचं ठरवलं आहे, कारण ती घरातल्या पैशाचीच गोष्ट आहे.

कोडी घालणं आपल्याकडं फार जुनं. वात्स्यायनानं 64 कलांची यादी दिली, तीत प्रहेलिका म्हणजे कोडी घालणं ही एक कला आहे. दंडीनं 'काव्यादर्शा'त कोड्यांचे 16 प्रकार सांगितले. मुक्ताबाईंच्या नावानं गायला जाणारा मुंगीचा अभंग हेही एक मोठं कोडंच आहे. त्याचा अर्थ लावता लावता कीर्तनकारांची रात्र सरते. कोकण-गोव्यात कोड्याला हुमाण म्हणतात, आणि उखाणा म्हणजे नुसतं नाव घेणं नव्हे, कोडं हाही त्याचा अर्थ आहे. या सगळ्यात पैज लागली तरी ती 'हरले' म्हणण्याची. पैशाचा संबंध नाही.

चौकोनातलं शब्दकोडं मात्र परदेशातून आलं. 21 डिसेंबर 1913 रोजी अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आर्थर विन नावाच्या माणसानं ते पहिल्यांदा छापलं. तो मूळचा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. त्याचं कोडं चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्यासारखं होतं आणि मधे मोकळं. वाचकांना ते आवडलं, पण छपाईत चुका फार होत. पुढे मार्गारेट पेथरब्रिज ही तरुणी त्या कचेरीत सेक्रेटरी म्हणून लागली आणि कोड्यांचं किचकट काम तिच्या गळ्यात पडलं. बाईच्या वाट्याला येणारी कामं अशीच येतात. तिनं प्रत्येक कोडं स्वतः सोडवून बघायला सुरुवात केली, नियम बसवले. 1924 साली शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं, त्याच्या तीन संपादकांत ती एक होती. पुस्तकासोबत पेन्सिल जोडलेली असे. अमेरिकेत नुसतं वेड लागलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तेव्हा हा वेळेचा नासाडा आहे म्हणून नाकं मुरडली आणि 1942 साली त्याच पत्रानं स्वतःचं शब्दकोडं सुरू केलं. त्याची पहिली संपादक पुन्हा मार्गारेटच, लग्नानंतरची मार्गारेट फरार. 1969 पर्यंत ते काम तिच्याकडं होतं.

इथवर सगळं शब्दांचं आहे. पैसा शिरला तो बक्षिसांच्या कोड्यांमधून, आणि ती आपल्याकडं स्वातंत्र्याच्या आगेमागे जोरात चालली. वर्तमानपत्रातलं कूपन भरायचं, सोबत प्रवेश-फी पाठवायची, आणि सगळं बरोबर आलं तर मोठी रक्कम मिळायची. त्या कोड्यांचा घाट नीट समजून घ्या, कारण फसवणूक तिथंच होती.

आधी सरळ कोडं बघू. तीन अक्षरांचं फूल आहे. पहिलं अक्षर काढलं तर अंगाचा मळ राहतो, मधलं काढलं तर पोटातली कळ. उत्तर कमळ. दुसरं काही बसतच नाही, आणि बरोबर आलं हे आपलं आपल्यालाच कळतं, कुणाला विचारावं लागत नाही.

आता बक्षिसाच्या कोड्यासारखं एक. हे आम्हीच रचलं आहे. 'आईची ही मुलाला जन्मभर आठवते.' दोन अक्षरं, शेवटचं 'या'. माया म्हणाल? बरोबर. छाया? तेही बरोबर. मग खरं कुठलं? ज्यानं कोडं काढलं त्यानं आधी ठरवून सीलबंद ठेवलं असेल, ते. इथं तुमचं डोकं, तुमचं वाचन काही कामाचं नाही. नाणं उडवल्यासारखंच आहे.

एका कोड्यात अशी 10 सूत्रं आहेत असं धरा. एका सूत्राला दोन उत्तरं, दोन सूत्रांना मिळून चार प्रकार, तिसऱ्याला आठ, असं दुप्पट करत जा. दहाव्या सूत्राला 1024 होतात. म्हणजे बक्षीस नक्की हवं असेल तर 1024 वेगवेगळी कूपनं पाठवायला हवीत. समजा एका कूपनाला एक आणा फी आहे. रुपयाचे 16 आणे, म्हणजे 64 रुपये झाले. कोडी काढणाऱ्याला हे गणित येत होतं. भरणारा मात्र 'या खेपेला एकच शब्द चुकला' असं म्हणून पुढचं कूपन घेत होता. 'एकच शब्द चुकला' यात आशा फार असते हो, आणि तीच महाग पडते.

मुंबई राज्यानं 1948 साली लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर कर आणि बंधनं घालणारा कायदा केला. बाहेरच्या राज्यात छापून इकडं विकल्या जाणाऱ्या पत्रांसाठी तो 1952 मध्ये बदलला. बेंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून आर. एम. डी. सी. नावानं शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालत, आणि मुंबई राज्यात त्यांचे पैसे गोळा करण्याची ठिकाणं होती. त्यांचे चालक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, हा आमचा धंदा आहे आणि धंदा करायचा हक्क घटनेनं दिला आहे.

मधल्या काळात मुंबई, हैदराबाद, मद्रास, उत्तर प्रदेश अशा राज्यांनी ठराव केले आणि संसदेनं 1955 साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणजे या मागणीत आपली दोन्हीकडची माणसं आली. महिन्याला बक्षिसांची एकूण रक्कम 1000 रुपयांच्या वर नको आणि एका स्पर्धेत 2000 पेक्षा जास्त प्रवेश घ्यायचे नाहीत, असं त्यात लिहिलं. मोठ्या बक्षिसाची जादूच त्यानं काढून घेतली.

9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापाराच्या हक्काचं संरक्षण त्याला मिळत नाही. ज्या स्पर्धेत खरोखर कौशल्यावर यश अवलंबून असतं, ती वेगळी. निकालात त्यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताची आठवण काढली, ज्यात टाकून दिलेली बायको आणि झुरणारी आई आहे, आणि महाभारतातल्या द्यूताचीही. फाशांच्या डावावर बायको लावली गेली ती कथा आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी शब्दकोड्याच्या खटल्यात ती निघावी, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे कौशल्य की नशीब हाच प्रश्न पत्त्यांच्या रमीबद्दल आला. 1967 साली त्याच न्यायालयानं रमीत मुख्यतः कौशल्य असतं असं म्हटलं, आणि मोबाईलवर पैसे लावून रमी खेळवणाऱ्यांनी पुढे याच शब्दाचा आधार घेतला. जाहिरातीत 'डोकं लावा, पैसे जिंका' आणि घरात उसनवारी. गटाच्या वहीत कर्जाचं कारण 'घरखर्च' लिहिलेलं असतं. तो खर्च कुठला, हे बाईला कधी कधी उशिरा कळतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा भेदच ठेवला नाही.

तुमच्या मोबाईलवर येणाऱ्या एखाद्या कोड्याखाली 'उत्तर पाठवा, बक्षीस मिळवा, आधी एवढे रुपये भरा' असं असेल, तर गटात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. कोडं मात्र सोडवा, ते फुकट आहे.

आता या वेळचं कोडं घ्या. पुणे जिल्ह्यातलं चार अक्षरांचं गाव. पहिली दोन अक्षरं म्हणजे एक आकडा, शेवटची दोन म्हणजे बुद्धी. उत्तर आम्ही सांगत नाही. फी नाही, कूपनही नाही.