मातीची पाळ आणि तिचे पहारेकरी

धरण हा शब्द कानीं पडतांच नजरेपुढें दगडी भिंत, लोखंडी दरवाजे आणि वीजघर उभें राहतें. परंतु महाराष्ट्राच्या पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पाणी अडविण्याचें काम शतकानुशतकें केलें तें साध्या मातीच्या पाळींनीं. या जिल्ह्यांतील जुन्या तलावांची संख्या सात हजारांच्या घरांत जाते. सरकारी दप्तरांत त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. त्यांतील आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ असें घरगुती नांवही रूढ झालें आहे. या तलावांचा इतिहास पाहूं गेल्यास एकच प्रश्न पुनःपुन्हा पुढें येतो: मातीची पाळ कोणाच्या भरंवशावर उभी राहते?

हा मुलूख गोंड राजांचा. पाऊस येथें भरपूर पडतो, पण भूमि चढउताराची असल्यानें आलें पाणी वाहून जातें. चांद्याचा गोंड राजा हीरशहा याच्याविषयीं अशी परंपरा सांगतात कीं, जो कोणी तलाव बांधील त्यास त्या तलावाखालीं भिजणारी जमीन इनाम मिळे. या उत्तेजनाचा लाभ सर्वांहून अधिक घेतला तो कोहळी लोकांनीं. गोंड राजानें आपल्याला काशीकडून आणलें, अशी त्यांची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ऊस आणि धान पिकविणारे व तलाव बांधणारे म्हणून त्यांची कीर्ति मात्र निःसंशय खरी होती. रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर १९१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही कोहळ्यांच्या या कौशल्याची नोंद आहे.

या कौशल्याचा मुकुटमणि म्हणजे नवेगांवचा तलाव. अठराव्या शतकाच्या प्रारंभीं कोलू पाटील कोहळी यानें तो बांधला असें सांगतात. भोंवतालच्या टेकड्या निसर्गानें आधींच उभ्या केल्या होत्या. कोलू पाटलानें त्यांच्यामधल्या खिंडी तेवढ्या हेरून मातीनें बुजविल्या. थोड्या मातीनें फार पाणी अडवावें, हेंच या विद्येचें सार होय. विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरनें या तलावाचें क्षेत्रफळ ५ चौरस मैल व घेर १७ मैल असा दिला आहे. लोकांनीं कोलू पाटलाला ‘कोलासुर देव’ करून तलावाच्या कांठीं बसविलें आणि सभोंवतालच्या शिखरांना ‘सात बहिणी’ मानलें. पाळ पुरी करण्यास त्यांनींच हात दिला अशी श्रद्धा आहे. पाळ बांधणारा देव होतो, यावरून त्या पाळीवर किती जीव अवलंबून होते हें उमगावें.

तलावाची रचना दिसावयास साधी असते. उताराच्या खालच्या अंगास मातीची पाळ घालावयाची. तिकडे तिला ‘पार’ म्हणतात. शेतांना पाणी सोडण्यासाठीं पाळीच्या पोटांतून मोरी ठेवावयाची आणि जास्तीचें पाणी निघून जाण्यासाठीं एका कडेला कठीण भूमीवर सांडवा काढावयाचा. एका तलावाच्या सांडव्याचें पाणी खालच्या तलावांत अथवा लहानशा बोडींत पडे. धानाच्या पिकाला अखेरचें पाणी निर्णायक असतें. हस्त नक्षत्रांत पावसानें पाठ फिरविली तर निसवणीला आलेलें धान डोळ्यांदेखत करपतें. अशा वेळीं मोरी उघडली कीं वर्षाची भाकरी वांचे. याशिवाय गुराढोरांचें पाणी, ढीवर लोकांची मासेमारी, शेतांत टाकण्यासाठीं काढलेला कसदार गाळ, आणि आसपासच्या विहिरींना टिकणारा पाझर, असा एकाच पाळीचा अनेक घरांना आधार असे.

पुढें इंग्रजी अमदानींत, १८६० नंतरच्या दशकांत, गांवोगांवच्या मालगुजारांना मालकीचे हक्क मिळाले आणि तलावही त्यांचे झाले. ही व्यवस्था सोन्याची होती असें मानण्याचें कारण नाहीं. पाळीवर पडणारी माती रयतेच्या डोक्यावरून येई आणि ते श्रम नेहमीं राजीखुषीचे असत असें नव्हे. तथापि एक गोष्ट त्या व्यवस्थेंत निश्चित होती. तलाव फुटला तर मालगुजाराचा वसूल बुडे आणि शेतकऱ्याचें पीक बुडे. म्हणून दरसाल पावसाळ्यापूर्वीं पाळीची खचलेली जागा भरली जाई व सांडव्यांतील झाडोरा तोडला जाई. उपयोग आणि राखण हीं दोन कामें एकाच गांवाच्या हातीं होतीं.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ सालीं तलाव सरकारजमा झाले. मालकांची सत्ता गेली हें न्याय्यच झालें. परंतु तलावांची जुनी जबाबदारी ज्यांच्यावर होती ते बाजूस झाले आणि नवी जबाबदारी दूरच्या कचेरीकडे गेली. १९५६ सालीं हा मुलूख मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदांकडे अशी वांटणी होत गेली. निस्ताराचे हक्क कोणाचे, पाणीपट्टी कोणी द्यावी, दुरुस्ती कोणी करावी, या वादांत पाळीवरची माती मात्र दरसाल थोडीथोडी ओसरत राहिली.

मातीची पाळ तीन वाटांनीं मरते: पाणी तिच्या माथ्यावरून गेलें तर, पोटांतून गेलें तर, किंवा तळाखालून गेलें तर. नव्या पाळीला पहिल्या भरणीचें भय मोठें. पुण्याचें पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, तें पहिल्याच पावसाळ्यांत. आणि त्याच्या दुखण्याचें मूळ पोटांतील मोरीशींच निगडित होतें. जुनी पाळ ही परीक्षा उतरलेली असते. तिची माती बसून घट्ट झालेली असते. पण वार्धक्याचीं दुखणीं निराळीं. घुशी, उंदीर व खेंकडे बिळें करतात. पाळीवर वाढलेलें झाड वाळलें कीं त्याच्या कुजलेल्या मुळांच्या जागीं पोकळ नळ्या राहतात. माथा एखाद्या ठिकाणीं बसतो आणि पुराचें पाणी नेमकें तेथूनच उडी घेतें. तळाशीं गाळ सांचल्यानें तलावाचें पोट लहान होतें. मग पूर्वीं सहज सामावणाऱ्या पावसानें तो तुडुंब भरतो, आणि सांडवा बेशरमीच्या झुडपांनीं बुजला असेल तर पाण्याला माथ्यावांचून वाट उरत नाहीं.

पाळीला पाझर असणें हें स्वतः संकट नव्हे. मातीची पाळ थोडी पाझरतेच. पाझरणारें पाणी स्वच्छ असेल तर चिंता थोडी. तें गढूळ झालें तर पाळ आंतून वाहूं लागली असें समजावें. गाळ काढणें हिताचें, पण पाळीच्या पायाशींच खोदलें तर तिचा आधार सुटतो. हें ज्ञान मोठ्या ग्रंथांतलें नाहीं; तें रोज पाळीवरून गुरें नेणाऱ्याच्या डोळ्यांत असतें. मात्र तो डोळा ज्याला सांगेल, त्यानें तें ऐकलें पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यांतील तिवरे येथील मातीचें धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें आणि सुमारें वीस माणसें दगावलीं. तें धरण कांहीं शतकांचें जुनें नव्हतें. गळती आपण आधींच कळविली होती, असें तेथील गांवकऱ्यांचें म्हणणें होतें.

२०२१ सालीं धरण सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याच्या कक्षेंत १५ मीटरांहून उंच धरणें येतात. १० ते १५ मीटर उंचीचीं धरणें कांहीं अटींवर येतात. त्याहून ठेंगण्या पाळी बाहेर राहतात. जे गांव त्यांच्या पायथ्याशीं वसले आहेत, त्यांना मात्र पाळीची उंची मोजून पुराची भीति कमी करतां येत नाहीं.

भंडारा-गोंदियाकडे अलीकडे ढीवरांच्या सहकारी संस्थांनीं कांहीं तलावांतील बेशरम उपटून तेथें देशी पाणवनस्पति पुन्हा लावल्या आहेत, कारण मासे वाढावयास त्या लागतात. धानाच्या बांध्या आणि हे तलाव यांच्या आसऱ्यानेंच महाराष्ट्रांतील सारस पक्षी टिकून आहे. ज्याला तलावांतून कांहीं मिळतें, तोच तलावाकडे पाहतो. आणि ज्या पाळीकडे रोज कोणी पाहतें, तिचें भगदाड मुठीएवढें असतांनाच बुजतें. कोलू पाटलाच्या कांठीं नवस फेडावयास येणाऱ्या गांवकऱ्यांनीं जातां जातां पाळीची एक फेरी केली, आणि त्यांना जें दिसलें तें लिहून घेणारा कोणी कचेरींत बसलेला असला, तर तीनशें वर्षांची ती माती आणखी कैक पावसाळे सहज झेलील.