मनगटावरची दोरी ते पासपोर्टवरचा शिक्का : थायलंडच्या रिटायरमेंट व्हिसाची गोष्ट

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, 'अरे, आम्ही पंचविशीतले, आम्हाला रिटायरमेंट व्हिसाचं काय?' थांबा जरा. ही गोष्ट म्हाताऱ्यांची आहे आणि एका देशाने परक्या माणसाकडे दोनशे वर्षं कसं बघितलं, त्याचीही आहे. उद्या तुम्ही टोरंटोला, दुबईला, बर्लिनला कुठेही गेलात, तरी याच रांगेत उभं राहायचंय.

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. साल साधारण १८५०. ठिकाण बँकॉक. चीनहून जहाजाने आलेला एक मजूर सरकारी माणसासमोर हात पुढे करतो. मनगटाला दोरी बांधली जाते, गाठीवर लाख ओतून शिक्का उठवला जातो. त्यासाठी त्याने सव्वाचार बाट मोजलेले असतात. आता पुढची तीन वर्षं तो मोकळा. सयामी प्रजेला राजासाठी जी वेठबिगार करावी लागते, ती त्याला नाही. हवं तिथे फिरावं, काम करावं. तीन वर्षं झाली की परत यायचं, परत पैसे, परत दोरी.

आता दुसरं चित्र. आजचं चियांग माई. अडुसष्ट वर्षांचे एक इंग्रज आजोबा, समजा बरं का, इमिग्रेशन ऑफिसात टोकन घेऊन बसलेत. हातात फाईल. फाईलमध्ये टीएम ७ नावाचा फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या झेरॉक्स, बँकेचं ताजं पत्र, त्याच दिवशी एंट्री मारून आणलेलं पासबुक, घराचा नकाशा आणि १,९०० बाट फी. सगळं जुळलं तर पासपोर्टवर शिक्का बसेल. एक वर्ष मोकळे. वर्ष झालं की परत यायचं.

या दोन चित्रांच्या मधे काय घडलं, ते आज बघू.

दोरी सुटली, कागद आला

एकोणिसाव्या शतकात सयामला माणसं हवी होती. जमीन भरपूर, हात कमी. त्यामुळे चिनी मजुराला दार उघडं होतं. दोरी बांधून कर घेतला की काम झालं. १९०९ मध्ये हा त्रैवार्षिक कर बंद झाला आणि चिनी लोकांनाही इतरांसारखाच वार्षिक डोईकर लावला गेला. १९१० च्या जूनमध्ये बँकॉकमधल्या चिनी दुकानदारांनी आणि मजुरांनी बंद पुकारला. तीन दिवस शहरात तांदूळसुद्धा मिळेना. गंमत बघा, समान वागणूक मिळाली म्हणून संप! कारण साधं होतं. समान वागणूक म्हणजे दरवर्षी जास्त पैसे.

त्या संपाने राज्यकर्ते दचकले. राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम, याने १९१४ मध्ये टोपणनावाने एक लेख लिहिला आणि चिन्यांना 'पूर्वेकडचे ज्यू' म्हटलं. ते ज्या अर्थाने म्हटलं, तो अर्थ काही चांगला नव्हता. हवाहवासा वाटणारा पाहुणा आता संशयाच्या यादीत गेला.

मग १९२७ मध्ये सयामचा पहिला इमिग्रेशन कायदा आला. १९३६ मध्ये परदेशी लोकांच्या नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक परदेशी माणसाकडे ओळखपुस्तिका असायला हवी, ती नूतनीकरण करून घ्यायला हवी. थाई भाषेत परक्या माणसाला 'तांग दाओ' म्हणतात, म्हणजे दुसऱ्या मुलखातला. ती पुस्तिका खिशात ठेवून चिनी हातगाडीवाला रस्त्यावर फिरायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोष्ट आणखी कडक झाली. १९४७ मध्ये चीनमधून वर्षाला १० हजार माणसं येऊ द्यायची असं ठरलं. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, आकडा थेट २०० वर आला. चीनमध्ये माओ जिंकत होता आणि बँकॉकला प्रत्येक चिनी माणसात कम्युनिस्ट दिसायला लागला होता. १९५२ मध्ये तर परदेशी नोंदणीची वार्षिक फी २० बाटवरून ४०० बाट झाली. वीसपट! रोजंदारीवर पोट भरणाऱ्या माणसाने ते कुठून आणायचे? तीस-तीस वर्षं तिथे राहिलेले, तिथेच म्हातारे झालेले लोक एका फीपायी कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरण्याच्या काठावर आले. व्यापारी ते पैसे भरू शकत होते. अडकला तो हातगाडीवाला.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९७९ : तोफांच्या आवाजात लिहिलेला कायदा

आज आपले चियांग माईचे आजोबा ज्या कायद्याखाली फाईल घेऊन बसलेत, तो १९७९ चा. थाई पंचांगाप्रमाणे बौद्ध संवत २५२२. जनरल क्रियांगसाक पंतप्रधान होते. त्या वर्षाच्या जानेवारीत व्हिएतनामी सैन्य कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरलं, ख्मेर रूज पळाले आणि भुकेलेली, घाबरलेली माणसं थायलंडच्या सीमेकडे निघाली. फेब्रुवारीत हा कायदा झाला. जूनमध्ये थाई सैन्याने ४० हजारांहून जास्त कंबोडियन निर्वासितांना बसमध्ये भरून प्रेआह विहारच्या डोंगरकड्यावरून परत खाली ढकललं. खाली सुरुंग पेरलेले होते. किती मेले याचा पक्का हिशेब कुणीच ठेवला नाही.

असा काळ होता तो. त्यामुळे कायद्याची भाषा पहारेकऱ्याची आहे. कलम ३७ म्हणतं, नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर दर नव्वद दिवसांनी कुठे राहता ते कळवा. कलम ३८ म्हणतं, घरात परदेशी माणूस उतरला तर घरमालकाने चोवीस तासांत वर्दी द्यावी. कलम ४० म्हणतं, कायमचं वास्तव्य एका देशाच्या फार तर १०० लोकांना, तेही वर्षभरात. आणि कलम ३५ मध्ये तात्पुरता मुक्काम वाढवून देण्याची सोय आहे, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष.

आपण ज्याला 'रिटायरमेंट व्हिसा रिन्यू करणं' म्हणतो ना, ते खरं तर या कलम ३५ खालचं मुक्काम वाढवणं आहे. व्हिसा एकदाच मिळतो. पुढे वीस वर्षं राहिलात तरी कागदोपत्री तुम्ही तात्पुरतेच. वीस वेळा मुदत वाढवलेले तात्पुरते! दर नव्वद दिवसांची हजेरी धरली तर ऐंशीच्या आसपास वेळा 'मी अजून इथेच राहतो' असं सांगितलेले तात्पुरते. आणि मधेच नातवाच्या लग्नाला मायदेशी जायचं असेल, तर निघण्याआधी परत येण्याचा परवाना काढायचा. विसरलात, तर विमानाने उड्डाण केलं की वर्षभराची मुदत रद्द.

थाई नियमात या प्रकाराला जे नाव आहे, त्याचा सरळ अर्थ होतो 'आयुष्याची अखेर घालवण्यासाठी'. नाव इतकं हळवं आणि परवानगी एकेक वर्षाची.

म्हातारे आयात करायचे का निर्यात?

आता म्हाताऱ्या परदेशी माणसाला कुणी का बोलवावं? पैशासाठी, दुसरं काय. तो नोकरी मागत नाही, पेन्शन बाहेरून येते, खर्च इथे होतो. हे फिलिपिन्सने लवकर ओळखलं. मार्कोसच्या काळात, १९८५ मध्ये, त्यांनी निवृत्तांसाठी खास सरकारी संस्थाच काढली. १९८६ मध्ये जपानच्या व्यापार मंत्रालयाने उलटी योजना आणली : आपलेच निवृत्त लोक परदेशातल्या वसाहतींत पाठवायचे. नाव दिलं 'सिल्व्हर कोलंबिया'. टीका अशी झाली की गाड्या आणि टीव्ही झाले, आता जपान म्हातारेही निर्यात करणार. योजना गुंडाळली गेली, पण कल्पना टिकली. १९९२ मध्ये लाँग स्टे फाउंडेशन उभं राहिलं आणि चियांग माईत आज जपानी आजी-आजोबा भरपूर दिसतात ते याच वाटेने आलेले.

थायलंडमध्ये वयाची अट आज पन्नास वर्षांची आहे. पैशाची अट : बँकेत ८ लाख बाट, नाहीतर महिना ६५ हजार बाट उत्पन्न, नाहीतर दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख. ८ लाख बाट म्हणजे आपले वीस लाख रुपये आणि वर काही.

हा ८ लाखांचा आकडा नीट बघा. थाई नियमात एक जुनी सवलत आहे : २१ ऑक्टोबर १९९८ च्या आधी देशात आलेले आणि तेव्हापासून सलग राहिलेले जे निवृत्त लोक आहेत, त्यांना कमी रक्कम चालते. ५५ ते ५९ वयाला ५ लाख, साठीच्या पुढे तर फक्त २ लाख. म्हणजे ही तारीख एक भिंत आहे. आणि १९९८ म्हटलं की काय आठवतं? आशियाई आर्थिक संकट! २ जुलै १९९७ ला थायलंडने बाट मोकळा सोडला. आधी एका डॉलरला २५ बाट मिळत. काही महिन्यांत ५० च्या वर गेला, मग ४० च्या आसपास स्थिरावला.

आता तुम्हीच भागाकार करा. ५ लाख भागिले २५, किती? वीस हजार डॉलर. ८ लाख भागिले ४०? तेही वीस हजार डॉलर. माझा अंदाज असा की बाटमध्ये वाढवलेली अट डॉलरमध्ये जिथल्या तिथे राहिली. ज्याची पेन्शन डॉलरमध्ये येत होती, त्याला फरक पडला नसणार.

घसरण

फरक पडला तो नंतर, कारण बाट पुन्हा वधारला आणि अट तिथेच राहिली. २००७ च्या सुमारास एका पौंडाला ६५ हून जास्त बाट मिळायचे. म्हणजे महिना ६५ हजार बाट दाखवायला हजार पौंड पुरे. मग २००८ ची मंदी आली, २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं. २०१९ पर्यंत पौंड ४० बाटच्या खाली-वर होता. तेव्हा त्याच अटीला सोळाशेच्या आसपास पौंड लागत होते. त्यात ब्रिटनची सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्याला दरवर्षी वाढून मिळत नाही. पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. आपल्या आजोबांनी काहीच केलं नाही, घर तेच, बायको तीच, चहाची टपरी तीच, आणि तरी ते हळूहळू अटीच्या खाली सरकत गेले.

त्यात २०१९ हे वर्ष कठीण निघालं. तोपर्यंत बऱ्याच जणांची सोय अशी होती की वकिलातीत जाऊन आपल्या उत्पन्नाचं पत्र आणायचं. थाई इमिग्रेशनने विचारलं, हा आकडा तुम्ही तपासता का? ब्रिटन आणि अमेरिकेच्या वकिलातींनी सांगितलं, आम्ही तपासू शकत नाही, आणि पत्र देणंच थांबवलं. मग एकच वाट : पैसे थाई बँकेत आणा. २०१९ पासून नियम असा की ८ लाख अर्जाआधी दोन महिने खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने हलवायचे नाहीत, आणि उरलेल्या वर्षात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरपासून एका प्रकारच्या व्हिसाला, ओ-ए ला, आरोग्य विमा सक्तीचा झाला. सत्तरी ओलांडल्यावर, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला विमा कोण देतं?

आता ४ लाख बाट खात्यात आहेत आणि त्यांना हात लावता येत नाही. रात्री छातीत दुखलं, हॉस्पिटलने अनामत मागितली, तर तेच पैसे काढायचे की व्हिसासाठी ठेवायचे? जीव वाचवला तर मुक्काम जातो, अशी ही अडचण आहे.

थायलंडची बाजूही ऐका. सरकारी हॉस्पिटलांत परदेशी रुग्णांची बिलं थकतात, आणि तो भार थाई करदात्यावर पडतो. खोटी उत्पन्नाची पत्रं दाखवणारेही होतेच. २०१४ नंतर इमिग्रेशनची घोषणा होती, 'चांगले लोक आत, वाईट लोक बाहेर'. कुठल्याही देशाला हे म्हणायचा हक्क आहे. माझा आक्षेप एवढाच की चांगुलपणा मोजायचं माप बँकबुक आहे. १९५२ मध्येही तेच होतं. तेव्हा ४०० बाट नसलेला चिनी म्हातारा वाईट ठरला, आज ८ लाख नसलेला इंग्रज म्हातारा.

आणि आपण? भारतात रिटायरमेंट व्हिसा नावाचा प्रकारच नाही. गोव्यात हरमल, मोरजीकडे वर्षानुवर्षं हिवाळा काढणारे परदेशी आजी-आजोबा बहुतेक टुरिस्ट व्हिसावर येतात आणि मुदत संपली की निघतात. आपला परदेशी लोकांचा कायदा इंग्रजांनी जाता जाता, १९४६ मध्ये केलेला. तो २०२५ मध्ये बदलला. आपणही पाहुण्याकडे पहारेकऱ्याच्याच नजरेने बघत आलोय.

शेवटी एक सांगतो. बँकॉकच्या चिनी मजुरांची नातवंडं-पतवंडं आज थाई आहेत. दुकानदार, डॉक्टर, काही तर पंतप्रधान. कागदाने ज्यांना दर वर्षी 'दुसऱ्या मुलखातला' म्हटलं, त्यांनी तो मुलूख आपला केला, पण त्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. आपल्या आजोबांकडे पिढ्या नाहीत. त्यांच्याकडे या वर्षाचा शिक्का आहे, आणि पुढच्या नव्वद दिवसांनी कुठे जायचं ती तारीख, पासपोर्टमध्ये स्टेपल केलेल्या एका चिठ्ठीवर.

तुमच्या घरातलं कुणी परदेशात मुलांकडे राहत असेल, दर काही महिन्यांनी व्हिसाची तारीख मोजत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि त्यांना विचारा, त्यांच्या फाईलमध्ये काय काय असतं. मला खात्री आहे, ती यादी ऐकायला तासभर लागेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!