अठराच्या पाटीची कुळकथा

वऱ्हाडातला कुठलाही पानठेला घ्या. फळीवर पन्नी, पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना. ठेलेवाला तळहाताखाली खर्रा घोटतोय. डोक्यावर पाटी आहे : अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे दंडनीय गुन्हा आहे. नियमाप्रमाणे ती किमान 60 बाय 30 सेंटिमीटरची हवी. तिच्या कडेला चुन्याची बोटं पुसलेली असतात.

या पाटीवरच्या अठरा आकड्याची कुळं दोन, आणि त्यांचं आपसात हाडवैर आहे.

पहिलं कुळ सिगारेट कंपन्यांचं. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या टोबॅको इन्स्टिट्यूटनं 1984 मध्ये पालकांसाठी पुस्तिका काढली, 1990 मध्ये दुकानदारांना अठराखालच्यांना विक्री नाही असे स्टिकर वाटले. 1998 च्या अखेरीस फिलिप मॉरिसनं टीव्हीवर मुलांना सांगायला सुरुवात केली, विचार करा, सिगारेट ओढू नका. खटल्यांमुळे कंपन्यांची दप्तरं उघडी पडली. आजची किशोरवयीन मुलं उद्याची कायमची गिऱ्हाइकं आहेत, हे फिलिप मॉरिसच्या अंतर्गत अहवालात 1981 मध्येच लिहिलेलं होतं. कडक कायदा टाळावा, हाही या मोहिमांमागचा हेतू होता. व्यसन कसं जडतं, कर्करोग कसा होतो, यावर त्यांत भर नव्हता. भर होता तो एवढ्यावरच, की हे मोठ्यांचं काम आहे. चौदा वर्षांच्या पोराला मोठं व्हायचीच तर घाई असते! या जाहिराती पाहिलेल्या मुलांचं तंबाखू कंपन्यांविषयीचं मत उलट बरं झालं, असं 2002 च्या एका अभ्यासात दिसलं.

आपल्याकडं तर 1996 चा क्रिकेट विश्वचषकच विल्स या सिगारेटच्या नावाचा होता. घरातली पोरंटोरं टीव्हीसमोरून हलत नव्हती.

दुसरं कुळ कायद्याचं. काँग्रेसचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. 2003 च्या तंबाखू कायद्यानं विक्रीला अठराचं वय आणि शाळेपासून 100 यार्डांचं अंतर आणलं. इथं अठराचा आकडा मुलाला समज देत नाही, विकणाऱ्याचा हात धरतो. माझ्या लेखी सगळा फरक इथंच आहे. पण दंड फक्त 200 रुपयांपर्यंत! 2015 च्या बाल न्याय कायद्यानं मुलाला तंबाखू देणाऱ्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड ठेवला, तेव्हा कुठं या आकड्याला वजन आलं.

तरीही बाप पोराच्या हातात पैसे ठेवतो, "जा, खर्रा घेऊन ये." पोरगं पाटीखाली उभं राहतं, ठेलेवाला ओळखीचा असतो.

इथं मला मोझरी आठवते. तिवसा तालुक्यातल्या या गावी तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम उभा केला. खंजिरीवर भजनं म्हणत ते गावोगाव व्यसन सोडायला सांगत, आणि सांगत ते थोरांना. त्या सांगण्यात वयाचा आकडा नव्हता. सामुदायिक प्रार्थनेला म्हातारा आणि नातू एकाच सतरंजीवर बसतो, तिथं अमुक वयानंतर चालेल असं कोण म्हणणार?

कायद्यातले शंभर यार्ड म्हणजे सुमारे 91 मीटर. आता गुरुजी शाळेच्या कुंपणापासून टेप लावून मोजतात आणि रस्त्यावर पिवळी रेघ ओढतात. टेपचं दुसरं टोक पोरांच्या हातात असतं.