अमेरिकन कॉमिक बुक प्रकाशनाचा प्रारंभिक इतिहास

अमेरिकेतील कॉमिक बुक प्रकाशन व्यवसाय १९३० च्या दशकात आकारास आला. वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्यांचे पुनर्मुद्रण करणाऱ्या जाहिरातपर पुस्तिकांपासून त्याची सुरुवात झाली. दशकाच्या अखेरीस स्वतंत्र कथा व सुपरहिरो यांमुळे त्याला मोठ्या उद्योगाचे स्वरूप आले. ठरावीक मोबदला देऊन कथेचे व पात्रांचे सर्व हक्क प्रकाशकाने विकत घेण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. तिच्यातून उद्भवलेले वाद पुढे अनेक दशके चालले.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांमधील रविवारच्या रंगीत पुरवण्यांत चित्रपट्ट्या लोकप्रिय झाल्या. रिचर्ड आउटकॉल्ट यांचे 'यलो किड' हे पात्र त्यांपैकी विशेष गाजले. अशा चित्रांचे संग्रह पुस्तकरूपानेही निघत असत.

पहिल्या पुस्तिका

कनेटिकट राज्यातील वॉटरबरी येथील ईस्टर्न कलर प्रिंटिंग ही कंपनी वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्या छापत असे. तिने १९३३ मध्ये लोकप्रिय चित्रपट्ट्या लहान आकारात छापून 'फनीज ऑन परेड' ही पुस्तिका तयार केली. प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीने ती ग्राहकांना भेट म्हणून वाटली. १९३४ मध्ये ईस्टर्न कलरचेच 'फेमस फनीज' हे मासिक १० सेंट किमतीला विक्रीस आले व १९५५ पर्यंत चालले.

स्वतंत्र कथांची सुरुवात

माजी सेनाधिकारी माल्कम व्हीलर-निकोल्सन यांनी पुनर्मुद्रणाऐवजी नव्याने लिहून घेतलेल्या कथा छापण्याचे ठरवले. त्यांच्या 'न्यू फन' या नियतकालिकाचा पहिला अंक फेब्रुवारी १९३५ चा आहे. मार्च १९३७ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' सुरू झाले. मात्र आर्थिक अडचणींमुळे कंपनी त्यांच्या हातून गेली व तिची सूत्रे हॅरी डोनेनफेल्ड यांच्याकडे आली. नव्या मजकुराची मागणी वाढल्याने प्रकाशकांना तयार कथा पुरवणारे स्टुडिओही उभे राहिले. विल आयस्नर व जेरी आयगर यांचा स्टुडिओ त्यांपैकी एक होता.

सुपरहिरोंचा उदय

क्लीव्हलंड येथील जेरी सीगल (लेखक) व जो शूस्टर (चित्रकार) यांची 'सुपरमॅन' ही कथा 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात प्रसिद्ध झाली. तिच्या यशानंतर इतर प्रकाशकही या क्षेत्रात उतरले. मे १९३९ च्या अंकात बॅटमॅन अवतरला. ऑक्टोबर १९३९ मध्ये मार्टिन गुडमन यांच्या टाइमली या संस्थेने 'मार्व्हल कॉमिक्स' काढले. टाइमलीच्याच 'कॅप्टन अमेरिका'च्या मार्च १९४१ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा मारताना दाखवला होता. त्या वेळी अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरलेली नव्हती. हा कालखंड कॉमिक बुकचे 'सुवर्णयुग' म्हणून ओळखला जातो.

निर्मात्यांचे हक्क

सीगल व शूस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले होते. १९४७ मध्ये त्यांनी न्यायालयात दाद मागितली, परंतु हक्क परत मिळाले नाहीत व नियतकालिकांतून त्यांची नावेही वगळली गेली. १९७५ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने दोघांना वार्षिक मानधन व नामोल्लेख मान्य केला. बॅटमॅनच्या बाबतीत दीर्घकाळ केवळ बॉब केन यांनाच श्रेय मिळत होते. सहनिर्माते बिल फिंगर यांना ते अधिकृतपणे २०१५ मध्ये देण्यात आले. तत्पूर्वी १९७४ मध्येच त्यांचे निधन झाले होते.