बहुस्वाक्षरी वॉलेट : किल्ली, सही आणि मजकूर

सामायिक धन एकाच्या हाती राहू नये म्हणून एकाच पेटीच्या किल्ल्या अनेकांत वाटाव्यात, ही युक्ती फार जुनी आहे. पोप तिसरा इनोसंट याने ११९९ मध्ये धर्मयुद्धासाठी जमणाऱ्या दानाकरिता चर्चमधून पेट्या ठेवण्याचा आदेश दिला. त्यात एक किल्ली बिशपकडे, दुसरी स्थानिक धर्मगुरूकडे व तिसरी एखाद्या भाविक गृहस्थाकडे असावी अशी योजना होती. बिटकॉइनादी कूटचलनांची बहुस्वाक्षरी वॉलेट ही याच युक्तीची नवी आवृत्ती होय, असे सामान्यतः मानले जाते. हे साम्य खरे आहे. तथापि ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणाची किंमत अलीकडच्या काळात फार मोठी पडली आहे.

कुलुपांची युक्ती मोठ्या मंडळास लागू केली की अव्यवहार्य ठरते. अदी शामीर यांच्या १९७९ च्या सुप्रसिद्ध निबंधाच्या आरंभी याचे मार्मिक उदाहरण आहे. अकरा शास्त्रज्ञांपैकी कोणतेही सहा जमल्याशिवाय कपाट उघडू नये अशी अट घातली, तर ४६२ कुलुपे लागतात आणि प्रत्येकास २५२ किल्ल्या बाळगाव्या लागतात! शामीर यांनी त्याऐवजी गुपिताचेच गणिती अंश पाडले. परंतु वापराच्या वेळी हे अंश एकत्र करावे लागतात, आणि जो ते एकत्र करतो तो त्या क्षणी सर्वाधिकारी होतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये हा धोका टाळण्याची सोय मुळातच होती. तेथे किल्ल्या कधीच एकत्र येत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या किल्लीने स्वतंत्र सही करतो आणि ठरलेल्या संख्येइतक्या सह्या आहेत की नाहीत हे जाळ्यातील संगणक तपासतात. गॅव्हिन अँड्रेसन यांच्या २०११ मधील प्रस्तावाने या सोयीस प्रमाणरूप मिळाले आणि एप्रिल २०१२ पासून ती वापरण्यास सुलभ झाली.

इथेरियममध्ये मात्र अशी सोय मूळ रचनेत नव्हती. ती स्वतंत्र आज्ञावली लिहून निर्माण करावी लागली, आणि तेथेच प्रश्नाचे स्वरूप पालटले. जुलै २०१७ मध्ये पॅरिटीच्या वॉलेटमधील एका दोषामुळे सुमारे दीड लाख इथर चोरीस गेले. दुरुस्तीनंतर ही वॉलेट ज्या एका सामायिक आज्ञावलीवर विसंबून होती, तिचे स्वामित्व कोणाकडेच नोंदलेले नव्हते. नोव्हेंबरमध्ये एका त्रयस्थाने ते स्वतःकडे घेऊन ती आज्ञावलीच नष्ट केली. ५८७ वॉलेटमधील ५,१३,७७४ इथर त्यामुळे अडकून पडले. सर्व किल्ल्या धारकांपाशी सुरक्षित होत्या, पण त्या चालवाव्यात असे कुलूपच उरले नव्हते.

पुढील दोन घटना याहून विचारप्रवर्तक आहेत. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय विनिमयसंस्थेच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन गेले. सह्यांचे अधिकारी सहा होते. पैकी पाच संस्थेचे व एक निधिरक्षक कंपनीचा. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे संस्थेने म्हटले. निधिरक्षक कंपनीने आपल्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचे नाकारले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या विनिमयसंस्थेचे सुमारे चार लाख इथर, म्हणजे जवळजवळ दीड अब्ज डॉलर, अशाच प्रकारे गेले. तेथे सह्या करणाऱ्यांच्या किल्ल्या चोरीस गेल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःच, आपापल्या किल्लीने, रीतसर सह्या केल्या होत्या. वॉलेटच्या संकेतस्थळावरील आज्ञावलीत मात्र आधीच फेरफार झाला होता.

मराठीतील 'सही' हा शब्द अरबी 'सहीह' वरून आला. त्याचा मूळ अर्थ बरोबर, निर्दोष. सही करणे म्हणजे मजकूर बरोबर असल्याची ग्वाही देणे. किल्लीला असा अर्थ नसतो, कारण किल्ली काही वाचत नाही. बहुस्वाक्षरी वॉलेटच्या रचनाकारांनी सहीचे नाव घेतले, पण तिला वागवले किल्लीसारखे : संख्या मोजली, आकलन गृहीत धरले. सगळेच एका पडद्यावर विसंबून असतील तर तीन सह्या काय आणि तीस काय, वाचन एकदाच झालेले असते. बायबिटच्या अधिकाऱ्यांना पडद्यावर निधीचे नेहमीचे स्थलांतर दिसत होते. प्रत्यक्ष सही झालेल्या मजकुरात क्रियेच्या रकान्यात शून्याऐवजी एक हा अंक होता. त्या एकाचा अर्थ, परक्या आज्ञावलीस वॉलेटच्या अधिकाराने चालू द्यावे, असा होतो.